फलकावरची शोधकर्ती

बाई, गेल्या रविवारी कोडोलीत, तुम्ही विज्ञान शिकवायचात त्या आपल्याच शाळेत, माझा सत्कार झाला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षे लोटली, तरी व्यासपीठावर बसताच मी पहिल्या रांगेत आधी तुम्हालाच शोधले. फाटकावर माझ्या फोटोचा भलामोठा फलक होता: ‘निळ्या एलईडीच्या शोधकर्त्या, कोडोलीची कन्या’. बाई, मी काहीही शोधलेले नाही. एमआयडीसीतल्या दिव्यांच्या कारखान्यात, बाहेरून आलेल्या निळ्या चिपांचा रंग आणि उजेड मोजून मी त्यांची वर्गवारी करते. फलक काकांनी लावलेला. त्यांना मी हे सांगितले, तर म्हणाले, “एकच झालं की! लोकं वाचत्यात कुठं, फोटो बघत्यात. गप फेटा बांधून घे.”

मी बांधून घेतला. तुम्ही घेतला नसता. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक आपल्या शाळेने मांडलेल्या पवनचक्कीच्या प्रतिकृतीबद्दल तुमची वाहवा करू लागले, तेव्हा भर मंडपात तुम्ही म्हणालात, “माझं न्हाय हे. आधीच्या गुरुजींनी केलंय, मी नुसती धूळ पुसली.” सगळे हसले आणि तुम्हीही हसलात. त्यात लाजण्यासारखे काही आहे, हे तुमच्या गावीही नव्हते.

एलईडी मी पहिल्यांदा पाहिला तो तुमच्या स्वयंपाकघरात. कुकरची शिट्टी व्हायची आहे, ओट्यावर दोन सेल, वीजप्रवाह आवरणारा एक रोध आणि तो इवलासा तांबडा दिवा. मी व्याख्या म्हणू लागते. “पाठ म्हणू नगं. पेटव आधी.” तो पेटत नाही, पाय उलटे जोडलेले असतात. तुम्ही बाहेरच्या खोलीकडे पाहून आवाज खाली आणता, “एकाच बाजूनं चालतंय ते. आमच्या सासूबाईंगत.”

सत्कारात नववीतली एक मुलगी उठली. “ताई, तांबडा आधी आला न् निळा एवढ्या उशिरा, ते का वो?” आणि बाई, मी बोलले. मी, जी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटायची. म्हटले, स्फटिकाचे दोन थर असतात. एकात इलेक्ट्रॉन जास्त, दुसऱ्यात त्यांच्यासाठी रिकाम्या जागा. योग्य दिशेने वीज दिली की दोन्ही सीमेवर भेटतात, इलेक्ट्रॉन रिकाम्या जागेत उतरतो आणि उतरताना सुटलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. उतार लहान असेल तर तांबडा प्रकाश, मोठा असेल तर निळा. पण तेवढा उतार देणारा स्फटिक निर्दोष वाढवणे फार अवघड होते. तो ज्या चकतीवर वाढवायचा, तिची अणूंची मांडणी याच्याशी जुळत नसे, आणि थर दोषांनी भरून जाई. घरातला पांढरा दिवाही आतून निळाच असतो. वर थोडा निळा प्रकाश शोषून पिवळा देणारी भुकटी लावलेली असते, दोन्ही प्रकाश मिळून डोळ्यांना पांढरे दिसते.

टाळ्या झाल्या. मुख्याध्यापक म्हणाले, “प्रत्यक्ष शोधकर्त्यांच्या तोंडून ऐकायला मिळालं!” ध्वनिक्षेपक अजून माझ्याच हातात होता. एक वाक्य पुरले असते. ती मुलगी भारावून माझ्याकडे पाहत होती, आणि मी ध्वनिक्षेपक खाली ठेवला.

परवा शाळेत जाऊन तिला खरे सांगेन. हे पत्र मात्र कुठेच जायचे नाही, म्हणूनच यात लिहिते: त्या दिवशी माझा आवाज कापला नाही, तो केवळ सगळे मला शोधकर्ती समजत होते म्हणून. आणि बाई, तो आवाज मला फार आवडला.