चादरींच्या कपाटातला पंप

३ एप्रिल, गुरु.
आयसीयूतला सलाईनचा पंप उघडला. त्याच्या दारामागं ग्लुकोज सांडून वाळलेलं, त्यात मुंग्या, मुंग्यांखाली झुरळाचं पिल्लू. पेशंटच्या नसेत जाणारी नळी जिथं बसते, बरोब्बर तिथं. स्पिरिटनं सगळं पुसून काढलं. प्लग काढून बॅटरीवर चालवून बघितला, ती मात्र ठणठणीत. डबा न उघडता घरी. बायको म्हणाली, "भाजी आवडली नाही की काय?" 

पंप उघडा असतानाच साहेब, आमचे अ‍ॅडमिन, दारात. "बिघडलाय का?" नाही म्हटलं. "मग उघडता कशाला?"
बिघडायच्या आधी उघडायचा, हेच तर माझं काम. नोकरीला लागल्यापासून हेच सांगतोय.

५ एप्रिल, शनि.
गुरुवारी इन्स्पेक्शन. साहेबांनी 'तपासला' असे स्टिकर छापून आणले. गठ्ठाच. "सगळ्या पंपांना लावून टाका, सही मागनं करा." म्हटलं, बॅटरी तपासायची तर प्लग काढून पंप नुसता चालवत ठेवावा लागतो, आणि वॉर्डवाले पंप सोडत नाहीत. दात कोरत म्हणाले, "अहो, बॅटरी कोण बघतंय? स्टिकर बघतात."
गठ्ठा टेबलावर तसाच पडलाय. बघितला तरी ओकारी येते.

७ एप्रिल, सोम.
आयसीयूच्या इन्चार्ज सुनंदा सिस्टर चादरींच्या कपाटात पंप लपवतात. लपवतात सगळेच वॉर्ड. दिलेला पंप परत येत नाही, आला तर दुसराच कुठलातरी येतो. पण यांचं कपाट म्हणजे देव्हारा. एक कोरा पंप, नवा आला तेव्हापासून चादरीत गुंडाळलेला, "आपल्या माणसांसाठी". बाकीचे पेशंट कुणाची माणसं असतात कोण जाणे.
तपासायला मागितला.
"तुमच्याकडं गेला की गेलाच बघा. आणि वापरलाच न्हाय तर खराब कसा होईल?"
चार्जिंगला न लावता पडून राहिली की बॅटरी मरते, सांगितलं. किल्ली कमरेला खोचली आणि चालू लागल्या. चीड आली. चीड जाऊन मग नुसती शिसारी उरली, सगळ्यांचीच. साहेबांची, त्या कपाटाची, या

राहू दे. झोपतो.

९ एप्रिल, बुध.
सिस्टरांच्या आईला करकंबहून आणलं. हार्ट. बीपी औषधावर टिकवलंय, ते औषध पंपातनं थेंब थेंब. कपाट उघडलं एकदाचं. पंप खरंच नवा, काचेवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. वर स्टिकर, 'तपासला', खाली माझी सही. मी न केलेली. साहेबांनी कुणाकडून तरी सगळीकडं लावून घेतलेत. माझ्या नावानं. लाज कशी वाटत नाही माणसाला.

दुपारी आजींना अँजिओग्राफीला खाली न्यायचं ठरलं. म्हणजे भिंतीतला प्लग काढायचा. लिफ्ट, पॅसेज, सगळं बॅटरीच्या जिवावर. ती बंद पडली की औषध बंद, बीपी खाली. मी तो मुंग्यांचा जुना पंप घेऊन पळत गेलो.
"सिस्टर, हा लावा. तपासलेला आहे."
"ह्यो? माझ्या आईला?"
आजीच मधे बोलल्या, मास्कखालनं, "माजी पोरगी म्हनली, ही मशीन लई चांगली हाय. ऱ्हाऊ दे की, लेका."
 डॉक्टरांना हात जोडले, आधी औषध जुन्यावर घ्या, मग काय ते बोला. त्यांनी घेतलं. सिस्टर पंपाच्या चिकट कडा बघून तोंड फिरवून उभ्या.
मग त्यांच्यासमोर नव्याचा प्लग काढला. स्क्रीन गेली. एक बारीकशी कुंई, बस.
 सिस्टरांनी स्ट्रेचर धरला आणि गेल्या. मी जिंकलो म्हणावं तर तसंही काही वाटेना. संडासात जाऊन खरंच ओकलो.

१० एप्रिल, गुरु.
आजी वर आल्या, जुन्याच पंपावर आहेत. डॉक्टर अजून काही सांगत नाहीत.
सकाळी सिस्टर आल्या. डोळे सुजलेले. कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "अजून हायती आत. बाकीच्या बेडांवर पण ते स्टिकर मीच लावलेत, सायबांच्या सांगण्यावरनं." 
त्या जातायत तोवर साहेबांचा फोन. टीम गेटवर आलीय. ते कपाट आज उघडायचं नाही. कालचा नवा पंप पुसून एखाद्या बेडशेजारी ठेवायचा, स्टिकर समोर दिसला पाहिजे. मी नुसतं हं म्हटलं. त्या 'हं'ची पण किळस आली.
पंप समोर आहे. स्टिकर नखानं काढायला घेतलाय, अर्धाच निघालाय, चांगला चिकटवलाय मेल्यांनी. पॅसेजमध्ये साहेबांचा गोड आवाज, "या, या, आधी आमचा मेंटेनन्स विभाग बघू."
किल्ली माझ्या खिशात आहे.