ड्रॅगनच्या खुर्चीत सर्जेराव

हडपसर, पुणे
१४ जुलै २००३

तीर्थस्वरूप वेणूआत्यांना,

टपालातून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? मामांनी चहातली साखर खरंच सोडली, की फक्त तसं तुम्हाला सांगितलं?

इकडे सगळे खुशाल आहेत. मी मात्र पाचवी ‘ब’ला एक कादंबरी वाचून दाखवते आहे आणि तिने माझी झोप उडवली आहे. आमच्या मुख्याध्यापिका आनंदीबाई कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्या आणि शुक्रवारचा शेवटचा तास ‘वाचन उपक्रमा’ला गेला. (तो माझा वह्या तपासायचा तास होता, पण ते असो.) कादंबरीत एक ड्रॅगन सातशे वर्षं एका बागेची राखण करतो. उपक्रम काय घ्यावेत हे मला कळेना, तेव्हा आमच्या धाकट्या दिराने, अभिनवने, ऑफिसातल्या नेटवरून चाळीस पानं छापून आणली. (कागद कंपनीचा, शाई कंपनीची, उपकार मात्र त्याचे.) त्यातला एक उपक्रम असा, की मुलांनी गोष्टीतलं एकेक पात्र होऊन आठवडाभर तसंच वागायचं. हिरा नावाच्या मुलीच्या वाट्याला चेटकिणीने मुकी केलेली राजकन्या आली. हिरा मुळातच वर्गात तोंड उघडत नसे. आता ती घरीही बोलेना.

पुढच्याच शुक्रवारी तिचे वडील, मांजरी गावचे सर्जेराव, तक्रार घेऊन थेट वर्गावर आले. त्यांचं उसाचं रान होतं, तिथे आता सात मजली सोसायटी उभी आहे. दारात गाडी आहे आणि दिवसभर काम काही नाही. मी समजावत होते, तेवढ्यात मुलांनी त्यांच्या मिशा पाहिल्या. त्या दिवशी एका पात्राने खुर्चीत बसून मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची होती आणि आमच्या ड्रॅगन झालेल्या मुलाला नेमकं गालगुंड झालं होतं. काय होतंय हे कळायच्या आत सर्जेराव खुर्चीत.

आग कशी काढता, असं एकीने विचारलं. तंबाखूनं, असं त्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलं. आंघोळ कॅनॉलवर करतात हेही कळलं. मग हिरा उठली.

“तुम्ही बागेत कुणाला येऊ का देत नाही?”

सर्जेराव खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, “राखायची सवय हाय, पोरी. रान गेलं, सवय ऱ्हायली.”

“मग आता काय राखता?”

“आता तूच हायेस की.”

घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. मी पुसलेला फळा पुन्हा पुसला.

तेव्हापासून दर शुक्रवारी ते धुतलेला पांढरा सदरा घालून माझ्या आधी वर्गात हजर असतात. हिरा त्यांच्याशी वाटभर बोलते. ड्रॅगनचं पुढे काय झालं, हे ते मला जिन्यातच विचारतात.

मामांना नमस्कार सांगा.

आपली,
नम्रता

ता. क. : पंचवीस तारखेच्या आत वर्ध्याहून चार दिवस राहायला याल का? पंचवीसला, शुक्रवारी, शेवटचं प्रकरण आहे. मी ते परवा प्रथमच वाचलं. गावकरी मिळून ड्रॅगनला मारतात, चांगलं दीड पान मारतात. तुम्ही एकतीस वर्षं शिकवलंत, तुमचा आवाज कापायचा नाही. तेवढं प्रकरण तुम्ही वाचा. मी रजा टाकली आहे.

ता. क. २ : रजेच्या अर्जात ‘वर्ध्याच्या आत्या अत्यवस्थ’ असं लिहिलंय. तेव्हा शाळेत कुणी विचारलं तर तुम्ही माझी मावशी.