जुलैचे चार शब्द

गुरुवार, दुपार

प्रिय मार्नी,

पत्र बघून तू हसशील. जी बाई मेसेजला नुसता अंगठा पाठवते ती पानंच्या पानं लिहायला बसली म्हणजे नक्की कुणीतरी गेलं, असं तुला वाटेल. कुणी गेलेलं नाही. कॉलिन टपाल वाटून परत आलाय आणि खुर्चीत पेंगतोय. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेय. गॅसच्या वर त्याने चिठ्ठी डकवली आहे, ‘बंद केलास का?’ दाराच्या आतून दुसरी, ‘किल्ली’. लग्न झालं तेव्हा त्याला अंडं उकडायला मी शिकवलं होतं. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे? ऑपरेशन झालं की अजून तारखाच मिळतायत? फोनवर न बोलता लिहायचं का ठरवलं ते शेवटी सांगते, तोवर दम धर. दम धरणं तुला जमत नाही हे ठाऊक आहे मला, चार वर्षं तुझ्या डाव्या हाताला उभी राहून खेळलेय मी.

रविवारची तुमची सेमीफायनल आम्ही टीव्हीवर बघितली. त्रेसष्टाव्या मिनिटाला कॉर्नर आला, तू उडी घेतलीस आणि त्यांच्या त्या उंच नऊ नंबरवालीचं डोकं तुझ्या कानाच्या वर बसलं. आवाज आमच्या खोलीपर्यंत आला. टीमची डॉक्टर हिलरी पेटी घेऊन धावत आली, तुला रेषेबाहेर नेलं, डोळे बघितले, शब्द विचारले, कागदावर खुणा केल्या आणि तुला परत आत सोडलं. सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं. कॉलिनसुद्धा म्हणाला, “पोरगी दगडाची आहे.” हिलरी त्या कागदावर ज्याच्याशी ताडून बघते ते कितपत खरं आहे, हे तिथल्या हजारो माणसांत फक्त तुला माहीत होतं, आणि इथे मला.

मग आठ मिनिटांनी तो लांब, उंच चेंडू आला. टाचा गवतात रोवून तू नीट त्याच्याखाली उभी होतीस, डोळे मिटून काढला असतास असा चेंडू. आणि तू ओरडलीस आणि बाजूला झालीस. चेंडू मोकळ्या गवतावर टप्पा घेऊन गेला, गोलकीपर आडवी पडली आणि नशिबाने तो खांबाला लागून बाहेर गेला. समालोचक म्हणाला, बचावात थोडा गोंधळ झाला. टीव्हीवाल्यांनी गोलच्या मागे माइक ठेवलेला असतो, मार्नी. तू ओरडलीस ते स्वच्छ ऐकू आलं. “लॉर्नाचा!” कॉलिनने कप खाली ठेवला आणि विचारलं, “हिने तुझं नाव घेतलं?” मी म्हटलं, “छे, काहीतरीच ऐकतोस.” दोन वर्षं झाली मला खेळ सोडून. तू ज्या जागेकडे बघून ओरडलीस ती जागा माझी होती, आणि तिथे कुणीच नव्हतं.

तो नियम तुला मीच शिकवला होता. पहिल्या आठवड्यात तू ‘माझा, माझा’ करत माझ्या अंगावर आलीस तेव्हा मी तुला कोपराने ढकललं आणि म्हटलं, “इथे माझा कुणाचाच नसतो गं बये. ज्याचा चेंडू त्याचं नाव घ्यायचं. नाव ऐकलं की दुसरीने अंग काढून घ्यायचं, मग आभाळ कोसळलं तरी.” तू म्हणालीस, “आणि म्हातारीचं नाव घेतलं आणि म्हातारी पोचलीच नाही तर?” मी म्हटलं, “पोचते की नाही ते बघच.” आणि मी पोचायचे. एकशे अकरा सामन्यांत एकदाही असं झालं नाही की तू माझं नाव घेतलंस आणि मी तिथे नव्हते. या एका गोष्टीचा मला पदकांपेक्षा जास्त अभिमान आहे.

डोक्याने खेळायला मला बाबांनी शिकवलं. ते गवंडी होते. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या खांबाला त्यांनी कांद्यांच्या जाळीत त्यांच्या तरुणपणचा जुना चामड्याचा चेंडू टांगला होता. शाळेतून आलं की चहाआधी शंभर. पाऊस झाला की तो चेंडू विटेसारखा जड व्हायचा. मी कुरकुरले की ते म्हणायचे, “केस विस्कटतील म्हणून भितेस होय? मग जा, बाहुल्या खेळ.” मी त्यांच्यासाठी दोनशे मारायचे. तेव्हा मुलींची टीम म्हणजे मुलांचे जुने शर्ट, शाळेच्या संडासात कपडे बदलणं आणि रविवारी पाय लालेलाल करून सोमवारी पहाटे बेकरीत पाय भाजायला, म्हणजे सारण भरलेले खायचे पाय, हजर होणं. एकोणतिसाव्या वर्षी पहिल्यांदा कुणीतरी मला फक्त खेळण्याचा पगार दिला. त्या दिवशी बाबा रडले. म्हणून सांगते, हे सगळं हातचं जाऊ नये यासाठी माणूस काय काय करतं ते मला पुस्तकात वाचायला नको.

तर जुलै. दर जुलैत हंगामाआधी डॉक्टर सगळ्यांना एकेक करून बसवतात, दहा शब्द वाचतात, थोड्या वेळाने विचारतात किती आठवतात. महिने उलटे म्हणायचे, एका पायावर उभं राहायचं. तो तुझा आकडा. वर्षभरात कधी डोक्याला लागलं की पुन्हा तेच विचारायचं आणि जुलैच्या आकड्याशी ताडायचं. कमी आला की बाहेर, निदान दोन आठवडे. आणि आमच्यात प्रत्येक जाणती मुलगी काय करते? जुलैत आठवतात आठ, सांगते चार. मग पुढे मार लागून चारच उरले तरी आकडा जुळतो आणि तू मैदानात. हे मला माझ्या पहिल्या कप्तानाने सांगितलं, आणि तुला मी. गाड्या लावतो तिथे, बूट बदलता बदलता. तू डोळे मोठे करून म्हणालीस, “म्हातारे, तू तर अट्टल चोर निघालीस.” आणि दुसऱ्या दिवशी आतून बाहेर येऊन मला चार बोटं दाखवलीस. आपण किती हसलो होतो.

माझ्या कामी तो आकडा तीनदा आला. तिसऱ्यांदाचा तर तुझ्यासमोरच, कपच्या उपांत्यपूर्व फेरीत, खांबावर डोकं आपटलं तेव्हा. सगळे म्हणतात त्या दिवशी मी आयुष्यातला सर्वांत चांगला खेळ खेळले. घरात फोटो आहे, मी तुला उचलून घेतलंय आणि दोघींची तोंडं चिखलाने माखलीत. मार्नी, मला तो सामना आठवत नाही. तेव्हाही आठवत नव्हता. बसमध्ये तुम्ही गात होता तेव्हा मी तुझ्या कानाशी लागून विचारलं होतं, आपण जिंकलो का. तुला वाटलं मी थट्टा करतेय. मी तसंच वाटू दिलं.

गेल्या महिन्यातली एक गोष्ट कॉलिनशिवाय कुणाला माहीत नाही. मंगळवार होता. मी जुना सराव पोशाख घातला, मोजे वर ओढले आणि गाडी काढून आपल्या जुन्या मैदानावर गेले. तिथे आता फर्निचरचं दुकान आहे हे तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. बूट हातात घेऊन मी सोफ्यांच्या मधोमध उभी होते आणि एक विक्रेती फार गोड आवाजात विचारत होती, “तुमच्याबरोबर कुणी आलंय का?” मला तिचा राग आला. कॉलिन येईपर्यंत तिने मला चहा दिला. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे गं, ऑपरेशन झालं का? हे मी वर विचारलंय, आत्ता वाचताना दिसलं. खोडत नाही. तसंच राहू दे, तुला दिसू दे.

मग कॉलिनने मला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून शब्द वाचले. दहा. किटली, मेंढी, पूल, असलेच काहीतरी. मला हसूच आलं, म्हटलं हा तर माझा घरचा खेळ. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं. मी तीन सांगितले. त्या म्हणाल्या, “सावकाश, घाई नाही, येतात तेवढे सगळे सांगा.” मी मागे काहीच ठेवलं नव्हतं, मार्नी. मी सगळं दिलं होतं. म्हणतात सगळी सोंगं आणता येतात, पण पैशाचं आणता येत नाही. आठवणीचंही येत नाही, एवढं मी त्यात घालते. इतकी वर्षं विसरल्याचं सोंग केलं, आता आठवल्याचं करायला गेले तर तोंडातून शब्द फुटेना. कॉलिन स्वतःच्या बुटांकडे बघत होता. बाईंनी पुढच्या तपासण्या लिहून दिल्या, आताच नाव देत नाही म्हणाल्या. ज्याला नाव देत नाहीत त्याची भीती जास्त वाटते. मला वाटते. मी अडतीस वर्षांची आहे.

सोमवारी मी तुला फोन केला होता. तू म्हणालीस, “काही नाही गं म्हातारे, जरा ठणकतंय. पास ठेवलाय तुझा फायनलचा, पोट आत घेऊन ये.” मी त्या चेंडूबद्दल विचारलं. तू म्हणालीस, “कुठला चेंडू?” मी म्हटलं, ज्याला तू माझं नाव घेतलंस. तू म्हणालीस, “मी कशाला तुझं नाव घेऊ?” आणि मग आवाज बदलून, हळूच, “हिलरीला काही बोललीस तर पुन्हा तुझं तोंड बघणार नाही.” तो आवाज मला ओळखीचा वाटला. चोविसाव्या वर्षी माझा तसाच होता. फायनल शनिवारी आहे, त्यांच्याकडेही तसल्याच उंच पोरी असणार आणि सगळे चेंडू हवेतून येणार.

म्हणून आज सकाळी मी हिलरीकडे गेले. जुलैबद्दल सांगितलं, माझे तिन्ही प्रसंग सांगितले आणि तुझी चार बोटंही सांगितली. तुझा जुलैचा कागद काढून तिने त्यावर उभी रेघ मारली. उद्या सकाळी ती तुला बोलावेल. शनिवारी तू खेळणार नाहीस, आणि त्यानंतर कधी ते तपासण्या ठरवतील. कुणी सांगितलं ते तुला दुसरीकडून कळू नये म्हणून कॉलिन हे आजच तुझ्या दारातून आत टाकेल. आणखी एक. तू इथे भांडायला येशील, यायलाच हवं. पण तू येशील त्या दिवशी कदाचित मी दार उघडून तुझ्याकडे कोऱ्या चेहऱ्याने बघेन, चहा टाकेन आणि म्हणेन, मी? मी कशाला सांगेन हिलरीला? तेव्हा मी खोटं बोलतेय असं समजू नकोस. हे पत्र मला दाखव. अक्षर माझं आहे, मी ओळखेन. मला वाचायला लाव, की हे मी केलं, शुद्धीत केलं आणि पुन्हा करेन. रविवारी तू नाव घेतलंस आणि बाजूला झालीस, ते बरोबर केलंस. मला पोचायला चार दिवस उशीर झाला एवढंच. हा चेंडू लॉर्नाचा. तू सोड.

तुझीच, डाव्या हाताची,
लॉर्ना