मधला ‘आणि’

प्रिय हट्टोबा,

हातातलं सगळं आधी खाली ठेव. कुणीतरी आपला रिसर्च पेपर वाचलाय रे! ना ओळख ना पाळख, अशा एका बाईंनी स्वतःच्या पेपरात आपल्या कामाचा संदर्भ दिलाय. मी प्रयोगशाळेत अशी किंचाळले की शेजारच्या खोलीतून सर धावत आले. त्यांना वाटलं, सर्व्हर जळाला.

निघताना तू लग्नाचं विचारलंस आणि मी नुसतं ‘बघू’ म्हणाले, तेव्हापासून फुगून बसलायस, ठाऊक आहे मला. येतेच त्यावर. पण आधी आपलं भांडण.

संदर्भ कसे द्यायचे यावरून किती तंडलो होतो आपण! तुझं म्हणणं, वाक्यातच नाव आणि साल हवं. माणसं आहेत ती, चौकोनी कंसातले कैदी नव्हेत. माझं म्हणणं, कंसात नुसते आकडेच, नावं शेवटच्या यादीत. परिषदेला दोन्ही चालत होतं, पण पानं सहाच, आणि तुझ्या नावांपायी पेपर सातव्या पानावर सांडत होता. मी फाइलमधली शैलीची एक ओळ बदलली, नावं जाऊन आकडे आले, पेपर बसला. तू मात्र चहालासुद्धा आला नाहीस. अजूनही सांगते, माझंच बरोबर होतं.

पण या बाई निघाल्या तुझ्या पंथातल्या! त्यांच्या जर्नलला नावंच लागतात. त्यामुळे दुसऱ्याच परिच्छेदात तुझं आडनाव, मग ‘आणि’, मग माझं आडनाव, मग साल. तुझं आधी आलंय ते निव्वळ वर्णानुक्रमामुळे, उगाच शेफारू नकोस. आणि सरांनी स्वतःचं नाव घालू दिलं नाही हे केवढं बरं झालं! तिघं असतो तर त्या शैलीत पहिलं नाव राहतं आणि पुढे नुसतं ‘आणि इतर’. म्हणजे मी इतरांत जमा!

घरी आईला ते वाक्य वाचून दाखवलं. तिला ओ की ठो कळलं नाही, पण म्हणाली, दोन्ही आडनावं शोभतात गं शेजारी, कोण हा? मी चक्क लाजले. मी!

आकड्यांनी जागा वाचते हे खरं, पण सकाळपासून त्या ‘आणि’वरून माझी नजर हलत नाहीये. म्हणून हे पत्र. ‘बघू’ मागे घेते. माझं उत्तर हो, हो, हो! अट एकच. आडनाव मी माझंच ठेवणार. दोन्हीकडे तुझंच झालं, तर मधे ‘आणि’ कशाला लागेल?

तुझीच,
आकडेवाली