अल्तार वर, टीव्ही खाली

गास, ऑक्टोबर १९८५

ती. रोझमेरीताईस,

धाकट्या कॉन्रॅडचा नमस्कार. देवमातेच्या कृपेनं इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुम्हीही असाल, नसाल तर कळव. तुझा गुडघा काय म्हणतो? फ्रेडरिकभावोजींचा खोकला? (त्यांना सांग, अडुळशाचा पाला पाठवतो, पण विडी सोडणार असतील तरच. एकीकडून विडी ओढायची आणि दुसरीकडून माझा अडुळसा प्यायचा, हा माझ्या झाडाचा अपमान आहे.) आईची प्रकृती विचारत नाही. ती अजून माझ्यावर रागावून तुझ्याकडे राहिली आहे, म्हणजे प्रकृती ठणठणीत आहे. गासहून फुलपाड्याला यायचं सोडून टपालानं पत्र का, असं म्हणशील. मागच्या रविवारी मला दारात पाहून आई मोरीत जाऊन बसली आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही, हे तू पाहिलंसच. या वयात तिला मोरीतल्या ओलीत बसवण्याचं पाप मला नको.

भांडण कशावरून झालं ते आईनं तिच्या पद्धतीनं सांगितलंच असेल. आता माझी बाजू ऐक. आपल्या घरात प्लगचा पॉइंट एकच, आणि तो नेमका दारासमोरच्या भिंतीवर, येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली. (तो तिथं कोणी घेतला? बाबांनी. त्यांना विचारायला आता कुठं जाणार?) टीव्ही आला तेव्हा मी तसबीर आणि तिच्या पुढ्यातली मेणबत्त्यांची, अल्ताराची फळी फक्त तात्पुरती कोपऱ्यातल्या भाताच्या कणगीजवळ हलवली. तात्पुरती, असं मी चारदा म्हणालो. आईनं ऐकून घेतलं, जपमाळ कनवटीला लावली, लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, ‘येशूला कोपरा आणि डबड्याला भिंत! जोवर माझा देव त्याच्या भिंतीवर येत नाही, तोवर या घरात पाणी पिणार नाही.’ आणि गेली. दुसरा कुणी असता तर टीव्ही उचलून ठेवला असता आणि विषय मिटवला असता. पण ताई, मी शाळेत ड्रॉइंग शिकवतो. मी विचार करतो.

विचार असा की भिंत एकच असली तरी ती उभी आहे, आणि उभ्या वस्तूला मजले काढता येतात. वरच्या मजल्यावर अल्तार, खालच्या मजल्यावर टीव्ही, त्याला झडपा, झडपा लावल्या की टीव्ही गुप्त. बाजूला कप्पे. परसातला फणस गेल्या पावसाळ्यात पडला होता, त्याच्या फळ्या कापून आणल्या. (बघ, फणस पडला तेव्हा आपण सगळे हळहळलो होतो. देवाच्या मनात कपाट होतं.) सुतार लावला नाही. फ्लॉसीचं मत होतं की लावावा, कारण माझी बायको झाल्यापासून तिनं माझ्या हातची तीन पायांवर उभी राहणारी दोन स्टुलं पाहिली आहेत. मूळ पाय प्रत्येकी चार होते. पण मी ओटीवर रंधा मारत बसलो तो बसलोच. घरभर भुसा, भातात भुसा, कालवणात भुसा. शेवटी फ्लॉसी म्हणाली, आता वेगळं मीठ घालत नाही. मी मनावर घेतलं नाही. कलेचं घर असंच असतं.

आणि काय उतरलंय म्हणून सांगू! पिवळाधमक फणस, त्यावर पॉलिशचे हात. गावात कोणाकडे नाही असं. आता आईची सोय बघ. मेणबत्त्यांचा कप्पा वेगळा, गायनाच्या पुस्तकांचा वेगळा, झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्यांना लांबट खाच. डाव्या हाताला, तिच्या कमरेच्या उंचीवर म्हणजे तिला वाकावं लागणार नाही, एक खण कुलपाचा. किल्ली तिच्याकडे. त्यात तिनं मिश्री ठेवावी नाहीतर माझ्याविरुद्धच्या तक्रारी, मी उघडून बघणार नाही. सगळ्यात कळस म्हणजे वायरी. टीव्हीची, अँटेनाची, तसबिरीपुढच्या लाल दिव्याची, टेपरेकॉर्डरची, एकही वायर दिसत नाही. फळीच्या पोटात खाच मारून वायर बसवली, वर पट्टी, पट्टी चिकटवायला सरस, खिळ्यांच्या डोक्यांवर लांबीचा लेप, वरून पॉलिश. भिंतीतला पॉइंटही मागच्या फळीआड. बाहेर फक्त एक बटण. बघणाऱ्याला प्रश्न पडावा की या घरात वीज आहे की चमत्कार.

वायरिंग आलोशियसनं केलं. आपला कोपऱ्यावरचा आलोशियस, जो दरवर्षी चर्चच्या सणाची आणि नाताळच्या गव्हाणीची रोषणाई करतो. त्याच्या कामात खोट काढणाऱ्याच्या तोंडात साखर पडणार नाही. पण माणसाला सवय असते. गव्हाणीत कसं, गायनमंडळानं ‘ग्लोरिया’ सुरू केलं की फादर एक बटण दाबतात आणि तारा, देवदूत, मेंढरं, बाळ येशू, सगळं एका दमात उजळतं. आलोशियसनं आपलं कपाटही त्याच भक्तिभावानं जोडलं. एकच बटण दाबा, सगळं चालू. मलाही तेव्हा ते भव्य वाटलं. आणि तुझ्या भाचरांनी टीव्हीचा खटका फिरवून फिरवून सैल केलाय, त्यामुळे तो कायम चालूच राहतो, बंद करायचा तो भिंतीवरच्या बटणानंच, ही गोष्ट आम्हा दोघांच्याही ध्यानात आली नाही. (त्या जातीचा खटका आता मिळत नाही. सोपाऱ्याचा मेकॅनिक मान हलवून परत गेला.)

ऑक्टोबरची जपमाळेची रोझरी आळीत घरोघर फिरते, तशी ती आपल्याकडे आली. मी मुद्दाम कपाटाचं उद्घाटन त्याच दिवशी ठेवलं आणि फादरांना आशीर्वादाला बोलावलं. ओटीपर्यंत माणसं गुडघ्यांवर. फादरांनी पवित्र पाणी शिंपडलं, मी मान ताठ करून बटण दाबलं. लाल दिवा उजळला, तसबीर अशी काही दिसली की शेजारच्या पॉलिननं डोळे टिपले. आम्ही ‘नमो मारिया’ सुरू केलं, आणि टीव्ही तापल्याबरोबर येशूच्या पायाखालून एक भारदस्त पुरुषी आवाज आला. शेतीचा कार्यक्रम! केळीच्या पानांवर करपा पडला तर काय फवारावं, ते तो इसम बंद झडपांआडून सांगू लागला. मी बटण बंद करायला धावलो तर दिवा विझला आणि मागून हाय हाय झाली, की आशीर्वाद दिलेला दिवा विझवू नये, अपशकुन आहे. परत लावला तर करपा परत. झडपा उघडून आवाज बारीक करावा, तर पॉलिशनं त्या चिकटलेल्या. आणि खरं सांगू? आळीत कोण केळीवाला नाही? म्हातारे गुडघ्यांनीच पुढे सरकू लागले. फादर दहा मण्यांच्या मधेच थांबले. (चर्चच्या मागे त्यांचीही केळी आहेत.) औषधाचं प्रमाण सांगून झाल्यावरच रोझरीचं रहस्य पुढे सरकलं. जाताना सगळ्यांनी कपाटाची तोंड भरून स्तुती केली. कामाचं कपाट आहे, असं आधी कोणी कोणाच्या कपाटाला म्हटलंय?

एवढंच लिहायचं होतं. कपाट झालं, उत्तम झालं, येशू आपल्या भिंतीवर आहे. बाकी सर्व क्षेम. भावोजींना नमस्कार, मुलांना पाप्या, आईला काही सांगू नकोस. तिनं विचारलं तर सगळं सांग.

तुझा भाऊ,
कॉन्रॅड

ता. क. विचारलं नाही तरीही सांग. करप्याचं तेवढं सांगू नकोस. आणि हेही सांग की दिव्याला आता वेगळं बटण आहे. त्यासाठी फळी फोडावी लागली असती, ती माझ्यानं फोडवेना, म्हणून वायर बाहेरून, अगदी समोरून, पॉलिशवरून खाली आणली आहे. काळी वायर आहे. दारातून दिसते. सगळे विचारतात, हे काय? मी म्हणतो, ती आईची वायर आहे. ताई, आई तुझ्याकडे गेल्यापासून आमची रोझरी धड होत नाही. शेवटची लितानीची विनवणी कोणालाच पाठ नाही. मध्येच सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात आणि फ्लॉसी ‘आमेन’ म्हणून विषय संपवते. घर खायला उठतं. तिला पाठव.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात कृष्णाबाई भाजीची पाटी घेऊन आली. ती विरारला, फुलपाड्यात, तुमच्या दारावरून जाते. म्हटलं, आमची आई दिसली का? म्हणाली, ‘दिसली नं. बरी हाय तुमची आय. टीवीच्या म्होरं पाय पसरून बसलेली. मी पानी मागितलं तर बोलली, थांब, गाणं संपू दे.’ ताई! म्हणजे आमच्याकडचं डबडं आणि तुमच्याकडचा टीव्ही? मी इथं भुसा खातोय, आणि ती तिथं गाणी बघतेय? मग ती कशाला येईल परत! तू माझी मोठी बहीण आहेस, लहानपणापासून तू मला कधी नाही म्हटलेलं नाहीस. तुमच्या टीव्हीची वायर भिंतीवर उघडीच लोंबते ना? आई दुपारी डुलकी काढेल तेव्हा तेवढी ओढ.