जिन्याखालचं शेल्फ आणि निळी पेटी

१८ जानेवारी, रविवार. बेसिंगस्टोक, इंग्लंड.
ठाण्याच्या घरी संध्याकाळी हे ऑफिसातून यायच्या आत छोटी अनघा आणि मी भातुकली आवरायचो. मोझेकच्या लाद्यांवर मांडी घालून दोघी. ती एकेक वस्तू नाव घेऊन माझ्या हातात द्यायची, बंब, परात, शेगडी, पाटा, आणि मी ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. वरवंटा शेवटी, कारण तोच हरवायचा. दुसरं काही बोलणं नसायचं.

आज आठवलं, कारण अनघा वरच्या छोट्या जादा खोलीच्या, बॉक्स रूमच्या, दारात उभी राहिली. दिवा लावला, परत बंद केला.
"आई, तू आहेस तोवर इराची खेळणी तेवढी लाव ना. मला नाही जमत."
जिच्या मसाल्याच्या बाटल्या प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या ओळीत, तिला चार वर्षांच्या पोरीची खेळणी जमत नाहीत. मी फक्त बरं म्हटलं.

कारण ठाऊक आहे. ती खोली दुसऱ्या बाळाची व्हायची होती. ऑक्टोबरात, तिसऱ्या महिन्यात ते गेलं. मला फोनवर जावयाने, निखिलने, सांगितलं. मी डिसेंबरात आले. अनघा त्याबद्दल एक अक्षर बोललेली नाही. मीही विचारलेलं नाही. आता निखिलला (यापुढे नि.) तिथे कामाचं टेबल टाकायचंय. सध्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आणि आमटी शेजारी असतात.

जिन्याखाली एक शेल्फ पुठ्ठ्यात बांधलेलं तसंच उभं आहे. खेळण्यांसाठीच मागवलेलं म्हणे. कोणी उघडत नाही. त्यावर छत्र्या अडकवतात.

२० जाने., मंगळ.
सुरुवात केली. इरा शाळेत, ही दोघं कामावर. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. आधी सगळं बाहेर पॅसेजमध्ये काढलं, मग खोली पुसली. माझ्या शाळेत शुक्रवारी सिस्टर बेनेडिक्टा डेस्क उघडून बघायच्या. वह्या एकीकडे, कंपास एकीकडे, डबा तिसरीकडे. पट्टीने झाकण वर करायच्या, हात लावायच्या नाहीत. त्याच पद्धतीने ढीग केले. प्राणी. गाड्या. ठोकळे. स्वयंपाक. कोडी. तुटकं.
कोड्यांना सगळा दुपारचा वेळ गेला. समुद्राच्या कोड्यात देवमाशाचं शेपूट नाही.
ह्यांनी करवून घेतलेला पांगुळगाडा कपाटामागे सापडला. इरा चालायला लागायच्या सुमारास विमानाने आणला होता. कस्टमवाल्याने विचारलं, हे काय? हे म्हणाले, "व्हेइकल."

सकाळी निघताना अनघा: "बाळपणाचं जे असेल ते सगळं देऊन टाक. चॅरिटी शॉपला. काही ठेवायचं नाही."
रात्री भांडी पुसताना नि., हळू आवाजात: "आई, ती निळी पेटी तेवढी देऊ नका."
"तिला विचारलंत का?"
"तिला कसं विचारू?"
निळ्या पेटीत इराचं पहिल्या वर्षाचं सामान आहे. दोघांचं ऐकायचं म्हणजे पेटी कुठे ठेवायची? तूर्त पडद्यामागे.

२१ जाने., बुध.
इरा शाळेतून आली आणि ढीग बघून कमरेवर हात.
"आजी, माझा गाय कुठे गेला?"
"गाय प्राण्यांच्या पिशवीत."
"नो. तो टीपॉटमध्ये राहतो."
"गाय किटलीत?"
"तिला थंडी वाजतो."
गाय किटलीत, किटली ट्रेनच्या डब्यात, आणि ट्रेन पलंगाखाली, कारण ते स्टेशन. सिस्टर बेनेडिक्टांना हे कसं सांगितलं असतं. गाय परत दिली.

जुन्या उशांच्या अभ्र्यांच्या नाडीच्या पिशव्या शिवायला घेतल्या. प्लॅस्टिकच्या डब्यांवर डबे रचले की मूल खालचाच डबा ओढतं.

२४ जाने., शनि.
द्यायच्या वस्तूंच्या पिशव्या भरल्या. शेजारची कॅरल चर्चच्या हॉलमध्ये लहान मुलांचा वर्ग घेते, आठवड्यातून एक सकाळ. तिला मोठे ठोकळे हवेत. कुंपणावरून म्हणाली, तुम्ही माझ्याकडे पण या आवरायला. माझ्या नवऱ्यापासून सुरुवात करा.
नि. शिडी लावून लॉफ्टमध्ये गेला. सूटकेस वर, ख्रिसमसचं झाड वर. निळ्या पेटीकडे बघून माझ्याकडे पाहिलं. मी पडदा ओढला. अनघा जिन्यावरून आली तेव्हा आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत होतो, चोरासारखे.
शेल्फ उघडू का, असं मी विचारलं. नि. म्हणाला, "नको, राहू दे, वेळ लागेल त्याला."

ह्यांचा फोन. "अजून खेळणी लावतेयस? इथे माझा चष्मा सापडत नाही."
"फ्रिजवर बघा."
फ्रिजवर होता.

२८ जाने., बुध.
निळी पेटी उघडली. द्यायची असो की ठेवायची, मळकी का असावी.
खुळखुळा. कापडी पुस्तक, कोपरे चावलेले. हलव्याचा मुकुट, पहिल्या संक्रांतीचा, साखर विरघळून दोऱ्याला चिकटलेली, तो टाकला. तळाशी चिमणाळं. मीच केलेलं, इराच्या वेळी, ब्लाऊजपिसांच्या तुकड्यांचं. कडीला लटकणाऱ्या चिमण्या, मध्ये पोपट, खाली मणी. पाळण्यात पडल्या पडल्या ती पोपटाशी भांडायची. एका लाल चिमणीचा दोरा तुटलाय. सगळ्यांवर धूळ.
इराच्या शॅम्पूने धुतलं. रेडिएटरवर लाल रंग पिवळ्यात उतरला असता, बाहेर पावसाचा भरवसा नाही. बॉक्स रूमच्या खिडकीत दुपारी थोडं ऊन येतं म्हणून तिथे पडद्याच्या दांडीला टांगलं.

अनघा लवकर आली. मी खाली कणीक मळत होते. वर गेलेली कळलं, मग जिन्यावरून हाक आली.
"आई, हे इथे कशाला टांगलंस?"
"वाळत घातलंय अगं."
"इथे? ह्याच खोलीत?"
"ऊन येतं तिथे."
"तुला काही सुचवायचं असेल तर तोंडाने सुचव. चिमण्या टांगून नको."
बाथरूमचं दार लागलं. पाणी सोडलेलं ऐकू आलं.
मी ओलंच काढून टॉवेलमध्ये गुंडाळलं. जेवताना इरा एकटी बोलत होती.

२९ जाने., गुरु.
रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात. मी पाळणा नसताना चिमणाळं टांगलं. माझ्या आईने बघितलं असतं तर हातातून ओढून घेतलं असतं.
सुचवायचं नव्हतं, हे खरं. पण दांडीपर्यंत हात वर केले तेव्हा पाळणा कुठल्या भिंतीला बसेल ते मी पाहिलं. हेही खरं.

दुपारी अनघाचा मेसेज: "भाजी करू नको. येताना मी आणते. इराची रबरी चप्पल सापडली का?"
सापडली, असं कळवलं. येताना मेथी आणली, लांब त्या इंडियन दुकानात जाऊन. निवडायला दोघी बसलो. मुळं एका कागदावर, पानं दुसऱ्यावर. कालचा विषय निघाला नाही.

३१ जाने., शनि.
नि. इराला पोहायला घेऊन गेला. मी बॉक्स रूममध्ये पिशव्यांना नाड्या ओवत होते. अनघा आली, चहाचे कप खाली ठेवले आणि कार्पेटवर बसली. मांडी घालून. उरलेल्या ढिगातून एकेक वस्तू उचलून मला द्यायला लागली.
"चाक."
"तुटक्यात."
"टोमॅटो."
"स्वयंपाकात."
"देवमाशाचं शेपूट."
"कुठे मिळालं?"
"सोफ्यात."
बराच वेळ असंच चाललं. मग हातात काही नसताना बोलली.
"ते शेल्फ मी ऑगस्टमध्ये बघून ठेवलं होतं. इराचं सामान त्यात गेलं की ही खोली मोकळी होईल. मग सप्टेंबरात ऑर्डर केलं, स्टॉकमध्ये नव्हतं. हॉस्पिटलमधून आलो त्या दुपारी आलं. मी सोफ्यावर होते, निखिल औषध आणायला गेलेला. त्या माणसाने दारात ठेवून फोटो काढला. फोटोत माझे पाय आलेत. ईमेलमध्ये अजून आहे, 'युअर पार्सल हॅज अराइव्हड.'"
मी तिच्या पायांकडे बघितलं. मोजे दोन वेगळे होते.
"तू त्याच पायांनी दारापर्यंत चालत गेलीस?"
"कोण जाणार मग?"
तेव्हा रडली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. केसांत दोन-तीन पांढरे आहेत, ते मला नवीन.
नंतर नाक पुसून म्हणाली, "परवा मी जास्त बोलले."
"मी पण जास्त टांगलं."
हसली. थोडंसंच.
"आई, पुन्हा बघायचं की नाही ते मला माहीत नाही. निखिलला वाटतं मला नकोय. म्हणून तो विचारत नाही. आणि मला वाटतं त्याला घाई आहे."
"त्याने मला एवढंच सांगितलं, निळी पेटी देऊ नका."
"मग मला का नाही सांगत?"
"म्हणाला, तिला कसं विचारू."
पडद्याकडे बघत राहिली. "म्हणजे ती तिथे आहे. मला वाटलं गेली."

उठली, खाली गेली. छत्र्या काढल्याचा आवाज. पुठ्ठा फाडल्याचा.

१ फेब्रु., रवि.
शेल्फ उभं राहिलं. काल अर्धं अनघा आणि मी, आज उरलेलं नि. त्याने आम्ही लावलेली बाजू उलटी निघाली म्हणून परत सोडवली. एक स्क्रू उरला.
"आई, उरतातच," नि. म्हणाला.
"कशाचा आहे ते न बघता?"
"आई आता सगळं शेल्फ हलवून बघणार," अनघा.
हलवून बघितलं. पक्कं आहे. भिंतीलाही पट्टी मारून घेतली, इरा चढेल.
पिशव्यांवर चित्रं काढली. तिला अक्षरं अजून थोडीच येतात. माझी बकरी बघून इरा म्हणाली, "हा कुत्रा आहे." कुत्रा झाला.
एक टोपली तिच्या मनाची. गाय, किटली, ट्रेन, एक मोजा. तिथे मी हात लावायचा नाही, असं ठरलं.

अनघा आणि नि. संध्याकाळी चालायला गेले, पाऊस थांबल्यावर. बराच वेळ आले नाहीत. आल्यावर काही कळलं नाही चेहऱ्यांवरून. नि.ने चहा केला, तिच्या कपात साखर घातली, जी ती घेत नाही. तिने तो प्यायला.

७ फेब्रु., शनि.
टॉवेलमधलं चिमणाळं मी माझ्या खोलीत खुर्चीच्या पाठीवर पसरून ठेवलं होतं. इराने शोधलं.
"हे कोणाचा आहे?"
अनघा दारातून म्हणाली, "तुझं होतं. तू छोटी होतीस तेव्हा."
"आता?"
अनघाने माझ्याकडे पाहिलं. "आता आजी दुरुस्त करतेय."
"मग कोणाला देणार?"
"माहीत नाही."
चार वर्षांच्या मुलीला हे पुरलं. दोरा तुटलेली लाल चिमणी तिने ओढून घेतली. गायीला सोबत हवी म्हणे. किटलीत घातली.

१२ फेब्रु., गुरु.
नि.चं टेबल आलं. बॉक्स रूममध्ये खिडकीखाली न लावता दाराजवळ लावलं. लॅपटॉपवर चकाकी येते म्हणाला. खिडकीकडची भिंत मोकळी राहिली. मोजपट्टी अनघाच धरून होती.

१५ फेब्रु., रवि.
मंगळवारी विमान. बॅग भरली. ह्यांच्यासाठी चीज, चष्म्याची दोरी.
नि. आणि अनघासाठी इथेच लिहून ठेवते. उद्या पान फाडून फ्रिजवर लावीन, तोंडी सांगितलं तर दोघं दोन गोष्टी लक्षात ठेवतात.

मोठे ठोकळे आणि ढकलायची बदकं कॅरलला, हॉलच्या वर्गासाठी. पिशवी दाराशी आहे. ती नवऱ्याला घेऊन येईल, तो उचलेल.
कोडी, समुद्राचं सोडून, चॅरिटी शॉपला. समुद्राचं आता पूर्ण आहे, ते इराचं.
पांगुळगाडा नि.च्या ऑफिसातल्या मित्राला, त्याचा मुलगा उभा राहायला लागलाय. पण उसना. परत आणायचा, हे स्पष्ट सांगावं. चाकाला खोबरेल लावलंय.
पितळी भातुकली ठाण्याहून पुढच्या खेपेस आणीन. ती इराची. वरवंटा अनघाचा, तिला तो वेगळा ठेवायचा असेल तर ठेवू दे.
तुटकं सगळं टाकलं. विचारू नये.
इराच्या टोपलीतलं कोणी आवरू नये.

निळी पेटी: काल रात्री मी ती लॉफ्टमध्ये द्यायला निघाले तर अनघा म्हणाली, "तिथे गारठा असतो. शेल्फच्या खालच्या कप्प्यात राहू दे." नि. तिथेच होता, त्याने ऐकलं. कोणाला द्यायची, ते मी लिहीत नाही. ते त्या दोघांचं.
आत चिमणाळं आहे, सगळे दोरे नवे घातलेत. एक चिमणी कमी आहे, ती किटलीत. लागली तर इराला विचारून घ्यावी. टांगायचा आकडा लावलेला नाही. तो आणि शेल्फचा उरलेला स्क्रू माझ्या शिवणाच्या डबीत, डबी इथेच ठेवून जाते.