माळेचा लोड

होटगी,
३ फेब्रुवारी २०२५

चि. विरेशभावजी यांस,
हेमावतीवहिनीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. फोनवर ट्रकचं नाव काढलं की तुमची रेंज जाते, म्हणून हे पत्र. तुमचे अण्णा गेल्यापासून ट्रक वर्षभर दारात उभा आहे. शिवपुत्र ड्रायव्हर चालवायला तयार आहे, पण बॅटरी चार्ज व्हत न्हाय, आधी अल्टरनेटर बदला, असं त्याचं म्हणणं.

दुकानात दोन आहेत. नवा ऐंशी अँपियरचा आणि दुरुस्त केलेला जुना, पंचेचाळीसचा. मला लहानच बरा वाटतो. गड्ड्याच्या जत्रेसाठी मी हट्टानं ट्रकवर लावून घेतलेली दिव्यांची माळ मीच उपटून टाकली, आता लोड कसला यायचा? तरी गाड्यांच्या वायरिंगमध्ये तुमचा हात धरणारा सोलापुरात कोणी नाही. तुम्हीच ठरवा.

ट्रक घेऊन रेल्वे फाटकाशी आले की तुमचे अण्णा दोनदा हेडलाइट चमकवायचे आणि मी तवा चढवायची. अजून दिवेलागणीला तसाच उजेड येतो. मी तवा चढवते आणि मुलं घाबरून माझ्याकडे बघतात. माझ्या हौसेपायी माझाच माणूस गेला, तो विचारायला येणारच की.

तुमची,
हेमावती

सोलापूर,
१४ फेब्रुवारी

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

रोज उत्तर लिहायला बसतो आणि गिऱ्हाईक आलं म्हणून उठतो. गिऱ्हाईक नसतंच.

नवा, चोवीस व्होल्टचा, ऐंशी अँपियरचाच घ्या. जुन्याकडे बघूही नका. वहिनी, माळेचा लोड नव्हता. ती माळ दोन अँपियरसुद्धा घेत नाही. तेव्हा अल्टरनेटर बिघडला होता, अण्णांना निघायची घाई होती, नवा यायला दोन दिवस लागणार होते. मी भंगारातल्या ट्रकचा काढून, रंग मारून बसवला. लोडवर तपासला नाही. टिकंल न्हवं, असं अण्णांनी विचारलं, मी व्हय म्हणालो. मोहोळच्या पुढे सगळे दिवे गेले. मागच्यांना दिसावं म्हणून अण्णा रस्त्यावर झाडाची फांदी ठेवत होते, तेवढ्यात टेम्पो आला.

मातीच्या दिवशी पाहुण्यांनी विचारलं, दिवे कसे गेले. माझ्या तोंडून निघालं, वहिनींच्या माळेचा लोड आला. ते मागे घ्यायचं धाडस झालं नाही. आता कुठल्याही ट्रकखाली शिरलो की भर दुपारी चाकाशेजारी अण्णांचे पाय दिसतात. बाहेर येऊन बघतो तर कोणी नसतं.

द्याल ती शिक्षा घेईन. अल्टरनेटर मात्र मला बसवू द्या. लोभ मागायला तोंड नाही.

आपला,
विरेश

होटगी,
२० फेब्रुवारी

विरेशभावजी यांस,

तुमचं पत्र अव्वांना वाचून दाखवलं. लेकाला खाल्लं म्हणून वर्षभर सासूबाईंनी माझ्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. ऐकून त्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं.

चूक कोणाच्याही हातून होते. त्यांचा जीव तुम्ही मुद्दाम घेतला नाही, हे मला कळतं. पण दर अमावस्येला तुम्ही ट्रकला नारळ फोडायला येत होता आणि माझ्या हातचं जेवून जात होता. तो घास तुमच्या घशाखाली कसा उतरला, ते मला कळत नाही.

ऐंशीचाच आणला आहे. तुम्हीच बसवा, आणि शिवपुत्रासमोर लोडवर तपासा. त्यालाही बायकामुलं आहेत. यायचा दिवस आधी कळवा, म्हणजे मी मुलांना घेऊन अक्कलकोटला माहेरी जाईन. चावी अव्वांकडे असेल.

अव्वांनी आशीर्वाद कळवले आहेत. माझे आज लिहवत नाहीत.

हेमावती